कानातला बिऱ्हाडकरू

३ तारीख, सोमवार

पोचलो एकदाचा! खोली मिळाली, चावी मिळाली आणि मुख्य म्हणजे नळाला पाणी आहे. माझ्यासारख्याला आणखी काय हवं? सामान जिन्याखाली ठेवून आधी दोन्ही खोल्या फिनेलने पुसून काढल्या, खिडक्यांच्या काचा आतून-बाहेरून धुतल्या, मग कुठे बूट काढले. बायको इथे असती तर हसून हसून दमली असती. ती मला साबणराव म्हणते ते काही उगाच नाही.

ही वही तिनेच बॅगेत घातली. फोनवर मी नुसता हं-हं करतो आणि ठेवून देतो, तेव्हा रोज जे घडेल ते इथे लिहायचं आणि ती आली की समोर बसून वाचून दाखवायचं, असा हुकूम आहे. ती आणि खारू महिनाअखेरीला येणार. तिच्या नोकरीचे तेवढे दिवस उरलेत. खारू म्हणजे आमची पाच वर्षांची मुलगी. कपाटावर, खिडकीच्या गजांवर, माझ्या पाठीवर, जिथे चढता येईल तिथे चढते, म्हणून खारूताई आणि लाडाने खारू.

जागा छान आहे. खाली बंद पडलेलं शिंप्याचं दुकान, बाहेरून लोखंडी जिना, वर आम्ही. मागच्या खिडकीतून कारखान्याची पत्र्याची उंच कोठारं दिसतात. वास आहे, तेवढं खरं. गुरांच्या खाद्याचा कारखाना म्हटल्यावर वास येणारच. वरवर मळीचा गोडसर आणि त्याच्याखाली काहीतरी जुनाट, ओलं. होईल सवय. पगार बरा आहे, खारूच्या शाळेचं जमलंय आणि आयुष्यात पहिल्यांदाच मला कोणी माझ्या कानांसाठी नोकरीवर ठेवलंय.

४ तारीख, मंगळवार

कानांसाठी म्हणजे काय, ते नीट लिहितो. बायकोला इतक्या वर्षांत कळलेलं नाही, निदान वाचून कळेल.

यंत्राचं बेअरिंग एकदम मरत नाही. आधी बरेच दिवस कुरकुरतं, मग कण्हतं, मग किंचाळतं. किंचाळायला लागलं की बहिऱ्यालाही कळतं. बाकीच्या गोंगाटातून ती पहिली कुरकुर वेगळी काढणं हे माझं काम. जुन्या कारखान्यात मी एक लांब स्क्रूड्रायव्हर वापरायचो. टोक यंत्रावर, मूठ कानामागच्या हाडावर. आज तोच बाहेर काढला तर फोरमन अंगावरच धावून आला. इथल्या हवेत भुशाची बारीक धूळ तरंगत असते, फिरत्या दांड्याला लोखंड घासून ठिणगी पडली तर सगळी इमारत उडेल, अक्कल गहाण ठेवलीय का, असं सगळ्यांदेखत म्हणाला. म्हणून इथे ऐकायचं ते लाकडाने. आणि ते लाकूड सगळ्या खात्यात मिळून एकच आहे. तिला पुंगळी म्हणतात.

पुंगळी म्हणजे हातभर लांबीची पोकळ नळी. एक तोंड यंत्राला, दुसरं कानात. कानाला नव्हे, कानात. माझ्याआधी ती किती जणांनी घातली असेल ते तिच्या तोंडाकडे बघूनच कळतं. लाकूड मूळचं कुठल्या रंगाचं होतं देव जाणे. आता ते टोक काळपट पिवळं आणि तुळतुळीत झालंय, कडेने मऊ थर जमलाय आणि ओरखडलं तर तो नखाखाली येतो. ओरखडलं मी. वर वासही घेतला. त्यानंतर इतक्यांदा हात धुतले की हाताची कातडी सुरकुतली.

खात्यात माझ्याशिवाय फोरमन, दोन पोरगेलेसे फिटर आणि मामा. मामा सगळ्यात जुने, म्हणून सगळ्यांचेच मामा. अंगाने काडी, पण जबडा सतत चालू. खिशात गुरांच्या खाद्याच्या गोळ्या भरलेल्या असतात आणि त्या ते चक्क खातात. कुरूम-कुरूम. ओठांच्या कोपऱ्यात ओला भुसा. त्यांनी स्वतःच्या कानातून पुंगळी काढली, विजारीला पुसली आणि माझ्यापुढे धरली. माझ्याच्याने हात पुढे होईना. शेवटी फोरमन बघत होता म्हणून घेतली.

६ तारीख, गुरुवार

कबूल करायला हवं, पुंगळी बोलते. स्क्रूड्रायव्हरला सात जन्मांत जमणार नाही असं ऐकू येतं. गोळ्या दाबणाऱ्या मोठ्या यंत्राचं मागचं बेअरिंग मी आज पकडलं. खोलून पाहिलं तर खरंच फुटलेलं! फोरमनने पाठीवर थाप मारली आणि चहा पाजला.

मी नवी पुंगळी करून घेऊ म्हटलं, तर तो म्हणाला की नवं लाकूड मुकं असतं, माणसांच्या कानात मुरल्याशिवाय ते बोलत नाही. मुरल्याशिवाय! मग मी माझ्यापुरता तोडगा काढला. रोज सकाळी स्पिरिटचा बोळा घेऊन तोंड चोळून काढायचं. बोळा पिवळा होऊन येतो, पण मनाचं समाधान.

एक गोष्ट विचित्र वाटली. नळी उजेडाकडे धरून आत पाहिलं तर पलीकडचं दिसलं नाही. मध्ये काहीतरी अडकलंय, बहुतेक ग्रीसचा गोळा. तार घालून पाहिली, ती मऊसर कशाला तरी टेकली आणि पुढे जाईना. तरी आवाज कसा स्वच्छ येतो, कोण जाणे.

९ तारीख, रविवार

सुट्टी. कपडे, चादरी, पडदे, सगळं धुतलं. जिन्याच्या पायऱ्यासुद्धा.

खारूशी फोनवर बोललो. तिला माझं डोकं ऐकायचंय म्हणे. आमचा हा रोजचा खेळ. मी आडवा झालो की ती येते, माझ्या कानाला आपला कान चिकटवते आणि बाबाच्या डोक्यात काय चाललंय ते ऐकते. मग उठून आईला जाऊन सांगते की बाबाच्या डोक्यात आज साबण आहे, किंवा बाबाच्या डोक्यात आज आइस्क्रीम आहे, आपण आणायला जायचंय. फोन कानाला घट्ट दाबून म्हणाली की इथून काहीच ऐकू येत नाही. मला भरून आलं. बायकोने विचारलं सर्दी झाली का, म्हटलं हो.

१२ तारीख, बुधवार

काल यंत्राशी ओणवा होऊन ऐकत असताना कानात काहीतरी गार लागलं. तेलाचा थेंब ओघळावा तसं. दचकून पुंगळी काढली, बोटाने चाचपलं, काही नव्हतं. उजेडाकडे धरून पाहिलं तर नळी आरपार मोकळी! अडकलेला गोळा पडला असेल कुठेतरी. खाली जमिनीवर मात्र दिसला नाही.

आज सकाळपासून उजव्या कानात शिट्टी वाजतेय. बारीक, सलग, मच्छर उशीशी आल्यासारखी, फक्त तो मच्छर दूर जात नाही. यंत्रांच्या गोंगाटातही तीच वर. दिवसभर एकही बेअरिंग धड ऐकता आलं नाही.

मामा आज चावत नव्हते. अंगणात पेटीवर बसून नुसते ऐकत होते. तारेवर पाखरं बसली होती, त्यांच्याकडे मान करून. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि चेहरा हसरा. मी विचारलं काय झालं, तर माझ्याकडे बघेनातच.

१३ तारीख, गुरुवार

कारखान्याच्या फाटकाशी डॉक्टरबाईंचा दवाखाना आहे. बाई बोलक्या आहेत. कानात आवाज येणं हा आजार नव्हे, लक्षण आहे, म्हणाल्या. मळ साठला तरी वाजतो, सतत गोंगाटात काम केलं तरी वाजतो, रक्तदाब वाढला तरी, काही वेदनाशामक गोळ्यांनी, वयाने, झोपेत दात खाल्ल्याने, जबड्याचा सांधा दुखावल्यानेसुद्धा. एकेक तपासत गेल्या. रक्तदाब बरोबर. गोळी मी कधी घेत नाही. जबडा ठीक. पडद्याला इजा नाही.

मग पिचकारीने कोमट पाणी मारून मळ काढला. माझ्या कानात मळ! मी लाजेने अर्धा झालो. वाकड्या स्टीलच्या भांड्यात तो गोळा तरंगत होता, चांगला वाटाण्याएवढा, आणि त्याच्या मधोमध आरपार भोक. वाळवी लागलेल्या लाकडात असतं तसं. बाई चिमट्याने उलटसुलट करून बघत राहिल्या. असं कधी पाहिलं नाही म्हणाल्या आणि हसून विषय बदलला.

शिट्टी थांबलेली नाही. उलट मळ गेल्यावर मोकळी झाली.

१५ तारीख, शनिवार

शोध लागला! काही खात असलो की शिट्टी बंद होते. घास चावत असेपर्यंत कान स्वच्छ. गिळला की थोड्या वेळात परत सुरू.

बाईंना फोन करून सांगितलं. जबड्याचा सांधा कानाला खेटूनच असतो, तो हलला की काही जणांचा आवाज बदलतो, घाबरण्यासारखं काही नाही, म्हणाल्या. म्हणजे सगळं शास्त्रशुद्ध आहे. बरं वाटलं.

आज एवढं खाल्लं: पाव, उकडलेले बटाटे, अंडी, बिस्किटांचे पुडे, केळी. कॅन्टीनची मावशी म्हणाली की भाऊ, घरी चूल पेटत नाही का? गंमत म्हणजे पोट भरलंय असं वाटतच नाही. पोट तट्ट फुगलंय, हाताला कळतं, पण आतून कोणी बास म्हणत नाही.

१७ तारीख, सोमवार

पुन्हा दवाखान्यात. वजन उतरलंय. इतकं खाऊन उतरलंय!

बाई आज कमी हसल्या. भूक पोटात लागते असं आपण म्हणतो, पण हिशोब मेंदूत होतो, असं सांगितलं. पोट, आतडी, अंगातली चरबी, सगळे तिकडे निरोप धाडतात आणि मेंदूच्या तळाशी बदामाएवढा एक भाग असतो, तो ठरवतो की आता खा, आता पुरे. तुमचे निरोप पोचत नाहीयेत किंवा कोणी मध्येच अडवतंय, असं त्यांच्या तोंडून गेलं आणि मग त्यांनी घाईने तपासण्या लिहून दिल्या.

मी विचारलं, हा भाग कानापासून किती लांब? असेल चार बोटं, म्हणाल्या. मग म्हणाल्या की गेल्या काही वर्षांत अशीच तक्रार घेऊन आणखी काही जण आले होते, आधी कान, मग भूक. सगळे तुमच्याच खात्यातले. तपासण्यांना परत कोणीच आलं नाही.

घरी येऊन आरशासमोर कानापासून आत चार बोटं मोजून बघितली. मग डबा उघडला.

१८ तारीख, मंगळवार

आज मी गुरांचं खाद्य खाल्लं.

ठरवून नाही. गोळ्यांच्या पन्हाळीपाशी उभा होतो, शिट्टी टोकाला पोचली होती, डोळ्यांपुढे पांढरं होत होतं, आणि हात आपोआप गेला. गरम, खारट, वर मासळीच्या भुकटीचा वास. दाताखाली वाळूसारखं करकरलं. ओकारी आली आणि ओकारीसकट गिळलं. आणि लगेच शांतता! अशी गोड शांतता की मी दुसरी मूठ भरली. तिसरी भरताना पाहिलं, मामा समोर उभे. त्यांचा जबडा पुन्हा सुरू झाला होता. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत चावत राहिलो.

हे बायकोला वाचून दाखवणार नाही.

१९ तारीख, बुधवार

न्हाणीघरातला साबण अर्धा झालाय. कडेला दातांच्या खुणा. खुणा माझ्याच, पुढच्या दाताचा टवका उडालाय तो त्यात उमटलाय.

आठवत नाही. पण तोंडाला फेस होता आणि जिभेला गोडसर चव. साबणराव! हसू आलं, मग रडू. मग उरलेला अर्धा

तोही नाही आता.

२० तारीख, गुरुवार

मामांना कोठाराच्या मागे गाठलं. गळा धरायचाच बाकी ठेवला. ते चावता चावता बोलले, मी चावता चावता ऐकलं. दोघांच्याही तोंडातून भुसा उडत होता.

म्हणाले, त्यांना ते पुंगळीतूनच मिळालं, आधीच्या माणसाकडून. आत काय असतं ते त्यांनी पाहिलेलं नाही. फार वर्षांपूर्वी आरशात एकदा कानाच्या तोंडाशी काहीतरी ओलं, पांढुरकं आलेलं दिसलं होतं, ते बघताबघता आत गेलं. चावत राहिलं की ते गप्प असतं. आपण थांबलो की त्याचं चावणं ऐकू येतं. शिट्टी म्हणजे तेच. लांबून शिट्टी वाटते. जवळून ऐकायला लागलं की दात कळतात.

त्याला पिल्लं होतात. पिल्लू पुंगळीत सोडता येतं, आणि ज्या दिवशी ते नव्या कानात जातं त्या दिवशी जुन्या कानात एक दिवसाची शांतता मिळते. बक्षीस दिल्यासारखी. एक दिवस! त्या एका दिवसासाठी त्यांनी मला पुंगळी दिली होती. पाखरं ऐकायला. म्हणाले, बाळा, मला माफ कर म्हणत नाही, पण तूही देशील, बघ. सगळे देतात.

मला त्यांची इतकी शिसारी आली की मी त्यांच्यावर थुंकलो. आणि थुंकीबरोबर घास गेला म्हणून लगेच दुसरा भरला.

जाताना म्हणाले, बायकापोरांना आणू नकोस. पुंगळी लागतेच असं नाही. कानाला कान लागला तरी पुरतं. त्यांनी त्यांच्या माणसांना वेळेवर घालवून दिलं होतं, तेवढं एक पुण्य.

२१ तारीख, शुक्रवार

पुंगळी बॉयलरमध्ये टाकली. जळताना फुसफुसली, चरबी तडतडावी तसा आवाज. फोरमन बोंबलतोय.

दवाखान्यात गेलो. बाईंनी आत उजेड मारला, बराच वेळ पाहिलं. काही नाही, स्वच्छ आहे, म्हणाल्या. मी मामांचं सगळं सांगितलं. त्यांनी दुसऱ्या डॉक्टरांची चिठ्ठी दिली. डोक्याच्या डॉक्टरांची. प्रेमाने दिली, तेच वाईट.

बायकोला फोन करून सांगितलं की येऊ नका. कारण काय, तर सुचेना. तोंडात घास होता, बोबडं बोललो. ती म्हणाली, तू प्यायलास का? मग म्हणाली, तू आजारी आहेस. मी नको नको म्हणत राहिलो आणि तिने ठेवून दिला.

खारू मागे ओरडत होती की मला बाबाचं डोकं ऐकायचंय.

२३ तारीख, रविवार

आल्या.

बायको उरलेल्या दिवसांवर पाणी सोडून, नोकरी टाकून आली. जिन्यावरून खारूचे पाय वाजले आणि मी दार आतून धरून ठेवलं. किती वेळ धरणार? बायकोने मला पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला. गाल बसलेत, ओठांना चिरा, कपड्यांना मासळीचा वास. घर पाहून तर ती खालीच बसली. ओट्यावर सालं, पिशव्या, चघळून टाकलेला चामडी पट्टा. माझं घर!

मी कानात कापूस कोंबून वरून फडकं बांधलंय. कान फुटलाय, कोणी हात लावायचा नाही, असं सांगितलं. खारूला जवळ येऊ देत नाही. ती कोपऱ्यात बसून माझ्याकडे बघतेय. मी ओरडलो तिच्यावर. जन्मात पहिल्यांदा.

बायको सगळं घर पुसत राहिली. फिनेलचा वास आला आणि तोंडाला पाणी सुटलं.

२४ तारीख, सोमवार

लिहायला हवं. लिहितो.

दुपारी डोळा लागला. तोंडात गोळी धरून झोपतो आता. जाग आली ती शांततेने. शिट्टी नाही. चावणं नाही. काहीच नाही. खालच्या रस्त्यावर कोणीतरी सायकलची घंटा वाजवली आणि ती मला आरपार, स्वच्छ ऐकू आली. नळाचा थेंब. बायकोच्या बांगडीचा आवाज. किती दिवसांनी! देवा, किती सुंदर!

मग गालावर केस लागले. खारूचे.

फडकं उशीवर. कापूस बाजूला. तिचा कान माझ्या कानावर. हलकं, गार काहीतरी ओघळत होतं, माझ्याकडून तिकडे—

मी तिला लगेच ढकललं का?

नाही. नाही ढकललं. ऐकत राहिलो. एक श्वासभर. दोन. सायकलची घंटा दूर जाईपर्यंत. मग ढकललं.

ती उठून बसली आणि म्हणाली, बाबा, तुझ्या डोक्यातलं माझ्या डोक्यात आलं.

मामांवर थुंकलो होतो मी.

२४, संध्याकाळ

भूक नाही. शिट्टी नाही. माझ्या सगळ्या अंगाला मीच चिकटलोय असं वाटतंय. घासून घासून आंघोळ केली, जात नाही.

खारूच्या कानात पिचकारीने पाणी मारलं. रडली. काही निघालं नाही. दवाखान्यात नेलं. बाईंनी पाहिलं, कान छान आहे म्हणाल्या, तिला चॉकलेट दिलं. तिने ते कागदासकट खाल्लं.

कानाला कान लावून परत घ्यायचं पाहिलं. तिला घट्ट धरून बसलो. ये ना रे, माझ्याकडे ये, असं बडबडत होतो. बायकोने ओढून बाजूला केलं. ती आता मला घाबरते. मी सगळं सांगितलं तिला. ही वही वाचून दाखवली, हुकूम होता तशी. तिने ऐकलं. एक शब्द खरा मानला नाही. उद्या त्या डोक्याच्या डॉक्टरांकडे जायचं, म्हणाली.

२५ तारीख, मंगळवार

सकाळी शिट्टी परत. बक्षीस संपलं.

खारूने पाव संपवला. दूध. बायकोचा वाटा. बायको खूश, पोरीला भूक लागायला लागली, हवा मानवली, म्हणते. मी बघतोय. खारूचा जबडा. थांबत नाही. मध्येच मान तिरकी करते, ऐकल्यासारखी. मग घाईने घास भरते.

मला हळूच विचारलं, बाबा, तुझंपण वाजतं?

हो म्हटलं. तिला बरं वाटलं.

डॉक्टरांकडे गेलो नाही. मी जिन्यातच— चिखल होता पायरीवर, ओला— बायको बघत होती.

२६ तारीख, बुधवार

भिंतीचा गिलावा. मी आणि खारू. लपूनछपून. ती खिदळते. तिला खेळ वाटतो.

तिला सांगितलंय, आईच्या कानाला कान लावायचा नाही. कधी नाही. शपथ घातली. हो म्हणाली. मग म्हणाली, लावला तर थांबतं ना?

कोणी सांगितलं?

आतलं सांगतं, म्हणाली.

२६, दुपार

बायको झोपलीय. दमलीय बिचारी. कुशीवर, कान वर. केस मागे सारलेले.

मी दारात बसलोय, आडवा. खारू आत जाणार नाही. मी असताना नाही.

घरातलं सगळं संपलं. ही वहीची मागची पानं— कोरी होती, पुठ्ठा बरा लागतो, चिवट, बराच वेळ पुरतो—

खारू कुठे—

वरून गेली. कपाटावरून, दारावरच्या झरोक्यातून. खारूताई. पलंगाच्या दांडीवर उतरली, आवाज न करता. आईच्या उशीशी वाकलीय. हसतेय. ओठांवर बोट, बाबा, गप्प.

ओरडायला हवं. एक हाक. तिचं नाव. बायकोची झोप सावध असते, एका हाकेत उठेल—

पण तोंडात घास आहे. थुंकला तर ते— जवळून ऐकू येतं आता, दात— फक्त एवढा गिळतो, एवढा एकच, आणि मग—